मधल्या रस्त्यात उतरवलेली बाई

फिल्म कंपनीने काकांना फसवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण काकांच्या गमती सांगायला लागलं की लोक हसतात आणि मुद्दा राहून जातो. काकांच्या घरी जे जे आले त्यांचं हेच झालं. हसले, फोटो काढले, निघून गेले. मी निघून जाणारी नाही. सौदा माझ्या तोंडून झाला होता, आणि माझ्या सौद्यात खोट निघाली की मला अन्न गोड लागत नाही.

काका माझे नात्याने कोणी नव्हेत. डहाणूच्या पुढे गुजरातच्या हद्दीवर झाई गाव आहे, तिथे त्यांचं कौलारू घर. पुढे ओटा, मागे पडवी, पडवीसमोर विहीर आणि विहिरीपलीकडे चिकूची वाडी. ओट्याला लागून एक खोली होती, ती मी भाड्याने घेतली. तेव्हा माझ्याजवळ एक टोपली, एक स्टोव्ह आणि भांडायची तयारी एवढंच सामान होतं. वाणगावच्या बाजारात आईशेजारी बसून भाजी विकत मी मोठी झाले. ‘जरा कमी कर ना’ म्हणणाऱ्याचं काय करायचं हे मला बाराखडीच्या आधी येत होतं. भाड्यावरून मी काकांशी इतकी घासाघीस केली, की शेवटी आतून काकूंचा आवाज आला, “अहो, द्या तिला खोली. कोळणीशी भांडायला घरात कोणीतरी हवंच आहे.”

खोली मिळाली. कोळणीशी मी भांडलेही.

काका एसटीच्या लाल गाडीवर तिकीट चेकर होते. तलासरीच्या पलीकडे डोंगरातल्या पाड्यांकडे जाणाऱ्या गाड्या त्यांच्याकडे असायच्या. एखाद्या आडवळणी थांब्यावर झाडाखाली उभे राहायचे, गाडीला हात करायचे आणि आत चढून कोणाशीही न बोलता आधी मागचा बाक गाठायचे. निवृत्त झाल्यावर गाड्या सुटल्या, तपासणी सुटली नाही. घरात टीव्ही होता. मग टीव्ही तपासायला लागले.

लोक नायिकेचा चेहरा बघतात. काकांनी तो कधी बघितला असेल असं मला वाटत नाही. ते खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ, जरा तिरकी ठेवायचे आणि पडद्याच्या कडा बघायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “मधोमध बसलेला माणूस तिकीट काढूनच बसलेला असतो. चेकरने कोपरा बघायचा.”

आणि कोपऱ्यात त्यांना सापडायचंच. पुराणातल्या सैनिकाच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा गोरा डाग. शेठजीच्या दिवाणखान्यातली फुलदाणी, जी आदल्या आठवड्यात वेगळ्याच मालिकेत गरीब विधवेच्या झोपडीत होती. मेलेल्या सासूचा हार घातलेला फोटो, आणि तीच बाई दुसऱ्या मालिकेत मावशी होऊन लग्नात नाचतेय. नायकाने मार खाल्ला डाव्या गालावर, पट्टी उजव्या. असं काही दिसलं की काका खुर्चीतून अर्धे उठायचे आणि गाडीत ओरडायचे त्याच आवाजात ओरडायचे, “विनातिकीट!”

संध्याकाळी ओट्यावर चार माणसं जमायची ती हे ऐकायला. वाडीत काम करणारे गडी, शेजारचे रिक्षावाले, कधी बाजारातून परतणाऱ्या बायका. कोणीतरी मुद्दाम विचारायचं, “काका, पण गोष्ट काय होती?”

“गोष्ट मला काय माहीत? गाडी कुठे चालली ते ड्रायव्हर बघतो.”

गोष्ट बघायच्या काकू. आतल्या दारात बसून, गुडघ्यावर हनुवटी ठेवून त्या बघायच्या आणि रडणाऱ्या प्रत्येक बाईबरोबर रडायच्या. काकांचं “विनातिकीट!” नेमकं अशाच वेळी यायचं.

“गप बसा हो! ती बिचारी रडतेय.”

“रडतेय खरी, पण तिच्यामागे बघ. बादशहाच्या महालात पंख्याचं बटण!”

“असू दे बटण. तिला रडू द्या.”

एका घरात, एका टीव्हीसमोर ही दोन माणसं दोन वेगळे सिनेमे बघत आयुष्यभर बसली. मी खोलीतून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, ह्या दोघांचं जमलं कसं? पुढे कळलं, जमायला एकच सिनेमा बघावा लागत नाही.

काकांच्या नोकरीतली एक गोष्ट इथेच सांगते, कारण तिचा पुढे संबंध आहे. गाडीत विनातिकीट सापडला की काका भयंकर ओरडत. दंड लावत, सोडत नसत. पण उधव्याच्या बाजूला एकदा एका कंडक्टरने चिडून एका दारुड्याला भर जंगलात उतरवायला गाडी थांबवली. काका दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, “ह्याला उतरवायचा असेल तर आधी मला उतरव.” त्या दारुड्याने काकांनाही शिव्या घातल्या होत्या. तरी त्याला थांब्यापर्यंत आणला, थांब्यावर खाली उतरवला आणि मग त्याच्या मागे उतरून त्याला मनसोक्त झापला. त्यांचा नियम होता. पकडायचा, ओरडायचं, दंड लावायचा. पण मधल्या रस्त्यात उतरवायचा नाही. “गाडीत बसला तो थांब्यापर्यंत आपला. मग तो कोण का असेना.”

दरम्यान मी भाजीवरून चिकूवर गेले, चिकूवरून आख्ख्या वाड्या हंगामापुरत्या ठरावाने घेण्यावर आणि तिथून शूटिंगवाल्यांवर. मुंबईची युनिटं आमच्याकडे सारखी येतात. त्यांना समुद्र हवा असतो, ताडाची झाडं हवी असतात, जुनं घर हवं असतं, आणि हे सगळं फुकटात हवं असतं. मधे मी उभी असते. मला ते ‘लोकेशनवाली’ म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे. म्हणू देत. मी ठरवून दिलेल्या घरातून कोणाचं तांब्याभांडं गेलं, असं आजवर झालं नव्हतं.

भुताच्या सिनेमाचं युनिट आलं तेव्हा मॅनेजरला मी तीन-चार घरं दाखवली. त्याला एकही आवडेना. चहा प्यायला म्हणून मी त्याला काकांच्या ओट्यावर आणला, तर तो चहा विसरून मागच्या पडवीत जाऊन उभा राहिला. “हेच पाहिजे,” म्हणाला.

माणसाने ‘हेच पाहिजे’ म्हटलं की त्याच्याशी कसं बोलायचं ते मला कळतं. मी म्हटलं, “हे घर मिळत नाही.”

खरोखरच मिळत नव्हतं. काका एका पायावर तयार होते. आख्खा सिनेमा घरात येणार म्हटल्यावर त्यांना रात्रीची झोप येईना. काकू तयार नव्हत्या. त्यांना पाहुणे चालत, पण आपली वस्तू दुसऱ्याने हलवलेली चालत नसे. मडक्यावरचं झाकण कुठल्या बाजूला झुकलेलं असतं, पाटा भिंतीला किती टेकलेला असतो, हे त्यांचं ठरलेलं होतं. मीच त्यांना पटवलं. मग त्यांनी अट घातली.

“माझ्या घरातलं काही जाता कामा नये. हलवलंत तर जिथली वस्तू तिथे ठेवायची. मी बघून घेईन.”

मॅनेजर हसला. “आजी, तुमचं घर होतं तसंच्या तसं तुमच्या हातात देऊ.”

मी म्हटलं, “हसू नका. कागदावर लिहा.”

“ताई, हे असलं कोण लिहितं?”

“मी लिहून घेते. नाहीतर शेजारच्या गावात बघा, तिथे सगळ्या घरांना आता स्लॅब आहे.”

त्याने लिहिलं. ‘घर व घरातील सर्व काही जसे होते तसे परत करू.’ ही ओळ मी स्वतः त्याला सांगून लिहवली आहे. सर्व काही. माझ्या मनात तेव्हा तांब्या-पितळेची भांडी होती, एवढंच.

शूटिंगच्या दिवसांत काका नुसते तरंगत होते. सिनेमात ते घर कित्येक वर्षं बंद पडलेला बंगला होता, आणि त्या बंद पडलेल्या बंगल्याच्या दोरीवर काकांची चौकड्याची लुंगी वाळत होती. कोणाच्या लक्षात नाही. मी सांगायला निघाले तर काकांनी माझा हात धरला. “सांगू नकोस. सांगितलंस तर काढतील. मग सिनेमात बघायला उरेल काय?”

शेवटी तो रडण्याचा प्रसंग आला. भर दुपारी पडवीभोवती काळं कापड बांधून त्यांनी रात्र केली होती. आत उकाडा असा की माणूस शिजावा. शहरातली कोवळी पोरगी, तिला खांबाला टेकून रडायचं होतं. ती रडायची, दिग्दर्शक नको म्हणायचा. पुन्हा रडायची, पुन्हा नको. आम्हाला सगळ्यांना स्वयंपाकघरात कोंडून ‘आवाज करू नका’ सांगितलं होतं. काकू चुलीपाशी बसून ते रडणं ऐकत होत्या आणि पुटपुटत होत्या, “इतकी माणसं आहेत बाहेर, त्या पोरीला कोणी पाणी देईल का नाही?”

मी म्हटलं, “काकू, ते खोटं रडणं आहे. तिला त्याचे पैसे मिळतात.”

“घसा खरा आहे ना?”

मी काही म्हणायच्या आत त्यांनी मडक्यातून पेला भरला आणि पडवीची खिडकी उघडली. पेला हातात धरून त्या पोरीकडे बघत उभ्या राहिल्या. बाहेरून कोणीतरी हाताने ‘मागे व्हा, मागे व्हा’ केलं असणार. काकूंनी त्या माणसाकडे बघून मानेला एक झटका दिला. तो झटका मला चांगला माहीत होता, भाडं थकलं की मलाही मिळायचा. मग त्यांनी खिडकी लावून घेतली.

नेमकी त्याच वेळी ती पोरगी हवी तशी रडली. म्हणून सिनेमात तोच तुकडा राहिला.

निघताना युनिटने घर जसं होतं तसं लावून दिलं, हे मी कबूल करते. मॅनेजरने मोबाइलवर आधीच फोटो काढून ठेवले होते, त्यावरून त्याच्या माणसांनी एकेक वस्तू जागेवर ठेवली. काकूंनी घरभर फिरून पाहणी केली. मडक्याचं झाकण जरासं डावीकडे सरकवलं आणि “ठीक आहे” म्हणाल्या.

सिनेमा आला आणि गेला. वापीच्या थिएटरात फार दिवस टिकला नाही. पुढे तो घरबसल्या बघायच्या ॲपवर लागला, तेव्हा काकांच्या मुलीने नवसारीहून येऊन टीव्हीला ते जोडून दिलं आणि आम्ही सगळे बसलो. लुंगी आली, काका ओरडले. तुळस एका प्रसंगात वाळलेली, दुसऱ्यात हिरवीगार, काका ओरडले. मग ती रडणारी पोरगी आली, तिच्यामागची खिडकी उघडली, आणि स्टीलचा पेला घेऊन काकू उभ्या.

काका खुर्चीतून पुरते उठले. मग ते इतके हसले की ठसका लागला. “विनातिकीट! अगं, सगळ्यात मोठी विनातिकीट माझ्याच घरात! बिनभाड्याची!”

काकूंनी पदर तोंडावर घेतला होता. पदराआडून त्या मला विचारत होत्या, “पण मग दिलं का गं तिला कोणी पाणी?”

त्या पावसाळ्याच्या अखेरीस काकू गेल्या. तापाचं निमित्त झालं. वापीच्या दवाखान्यात नेलं, पण परत आणलं ते गाडीतून झाकूनच.

दहाव्याला लावायला फोटो शोधला तेव्हा लक्षात आलं की काकूंचा फोटोच नाही. त्या कॅमेरा दिसला की पाठ करायच्या. मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत सगळीकडे त्यांचा अंबाडा आहे. ओळखपत्रावर एक फोटो होता, त्यात त्या पोलिसांनी पकडून आणल्यासारख्या दिसत होत्या. तोच मोठा करून लावला. काका त्याच्याकडे बघत नसत. “ही कोण ते मला माहीत नाही,” म्हणायचे. हलणारी, बघणारी, मानेला झटका देणारी काकू एकाच ठिकाणी उरली होती, ती त्या भुताच्या सिनेमात, रडणाऱ्या पोरीच्या मागे.

आणि तेव्हाच ते सुरू झालं. कोणीतरी तो तुकडा काढून, काकूंच्या डोक्याभोवती लाल गोल करून इंटरनेटवर टाकला. ‘शूटिंगमध्ये खरं भूत दिसलं!’ दुसऱ्याने उत्तर दिलं, ‘भुताला तहान लागली होती का? हातात पेला आहे.’ मग काय, लोकांना खेळच मिळाला. लुंगी सापडली. तुळस सापडली. सिनेमातल्या भुताच्या पायाशी बसलेलं काकूंचं मांजर सापडलं. घर कुठलं ते शोधून काढून वापीहून, वसईहून पोरं मोटारसायकलींवर यायला लागली.

मला वाटलं काका त्यांना हाकलतील. काकांनी त्यांना घर दाखवायला घेतलं. ही दोरी, ही लुंगी, हो, तीच, अजून वापरतो. ह्या खांबाला पोरगी टेकली होती. आणि ही खिडकी. मग सगळ्यांना टीव्हीसमोर बसवून तो प्रसंग लावायचे, पुढे-मागे करून दाखवायचे आणि स्वतः शोधलेल्या आणखी दहा चुका पदरच्या सांगायचे. वसईचा एक पोरगा तर ते सगळं मोबाइलवर भरून घेऊन गेला आणि त्याचा व्हिडिओ म्हणे फार चालला.

मी धंद्याची बाई. मी म्हटलं, “काका, दारात एक डबा तरी ठेवा. लोक घर बघून जातात, काही टाकतील.”

“विनातिकीट बघायला आलेल्यांकडून तिकीट घेऊ?” म्हणाले आणि हसत सुटले. मला राग आला.

एक मात्र मला खटकायचं. पोरं विचारायची, “ते भूत कोण होतं, आजोबा?”

“भूत कुठलं, माझी बायको. भुताला मी घाबरत नाही, हिला घाबरायचो.”

पोरं खो खो हसायची. “मग आजी आहेत कुठे?”

“आत आहे,” काका म्हणायचे.

पोरं गेल्यावर मी एकदा भडकलेच. “खोटं का सांगता, काका? सरळ सांगा गेली म्हणून.”

त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. “खोटं काय सांगितलं? आतच आहे.”

तेव्हा मला कळलं की हा माणूस पोरांना घर दाखवत नव्हता. पोरं आली की तो प्रसंग पुन्हा लावायला त्याला कारण मिळत होतं. एकटा माणूस दिवसभर एकच खिडकी बघत बसला तर त्याला वेडा म्हणतात. समोर चार पोरं बसवली की त्याला हौशी म्हणतात.

आणि एक गोष्ट मी नीट बघितली. काका आता पडद्याच्या कडा बघत नसत. खिडकी मधोमध नव्हती, पण त्यांच्यासाठी झाली होती.

मग एके दिवशी दुपारी मी डहाणूच्या बाजारात असताना त्यांचा फोन आला. आवाज अगदी साधा होता.

“जरा येऊन जाशील का? काकू आज खिडकीत आली नाही.”

मला वाटलं, संपलं, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. रिक्षा करून गेले. त्यांनी सिनेमा लावला. पोरगी खांबाला टेकली, रडली. मागची खिडकी बंद. रडत राहिली, खिडकी बंद. प्रसंग संपला.

मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. मग मी पहिल्यापासून बघितला. दोरीवर लुंगी नाही, नुसती दोरी. तुळस सगळीकडे सारखी वाळलेली. मांजर नाही. सगळं लख्ख. सिनेमाच्या नावाखाली काहीतरी नवं लिहिलं होतं, ‘नवी, सुधारलेली प्रत’ असं काहीसं.

“सगळी गाडी रिकामी केली,” काका म्हणाले.

जुन्या प्रतीची कॅसेट नाही, तबकडी नाही. ॲपवर होती ती त्यांनी बदलली. लोकांनी इंटरनेटवर टाकलेले तुकडेही कंपनीने मालकी सांगून उतरवायला लावले होते. काकांच्या फोनमध्ये कोणा पोराने पाठवलेला एक तुकडा तेवढा उरला होता. त्यात काकूंच्या डोक्याभोवती लाल गोल होता, चेहरा निम्मा त्या गोलाखाली गेला होता, आणि वरून हसण्याचा आवाज भरलेला होता. काका तो आवाज बंद करून बघायचे.

मी तो कागद घेतला आणि मुंबईला कंपनीच्या ऑफिसात गेले. मोठ्या माणसांपैकी कोणी भेटलं नाही. एका चकचकीत टेबलामागून एक पोरगा भेटला. वागायला चांगला होता, पाणीबिणी विचारलं. मी विषय काढल्यावर तर खूशच झाला.

“तुम्हाला कळला फरक? मॅडम, आमच्या टीमने फार मेहनत घेतली त्यावर. लोक पिक्चरची टिंगल करत होते. आम्ही फॅन्सचेच व्हिडिओ बघून एकेक एरर शोधून काढली. तो वसईवाला व्हिडिओ तर आमच्या फार कामाला आला.”

“खिडकीतली बाई एरर नव्हती. ती घरमालकीण होती.”

“हो, म्हणजे... फ्रेममध्ये नको होती ना.”

“तुम्हीच ठेवलीत.”

“तेव्हा चुकून राहिली. आता काढली.”

मी कागद त्याच्यापुढे ठेवला. ती ओळ बोटाने दाखवली. त्याने वाचली आणि तो हसला. त्या मॅनेजरसारखाच हसला.

“मॅडम, हे घरातल्या वस्तूंबद्दल आहे. त्या काही वस्तू नव्हत्या.”

“वस्तू नव्हती, तर उचललीत कशी?”

त्यावर तो उठला. मग आत जाऊन कोणालातरी विचारून आला. जुनी प्रत आता देता येत नाही, तसं धोरण आहे, म्हणाला. काका एवढे चाहते आहेत तर कंपनी त्यांना वर्षभर ॲप फुकट देईल. म्हणजे ती बंद खिडकी वर्षभर फुकट बघा! मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खालचा वॉचमन वर आला, एवढं सांगते.

परत येऊन मी काकांना सगळं सांगितलं. तेवढं सांगायला नको होतं असं पुष्कळ जण म्हणतात. मी सौद्यातलं काही झाकत नाही. वसईच्या पोराच्या व्हिडिओचं ऐकल्यावर काकांनी खिडकीकडे बघितलं. पडद्यावरच्या नव्हे, घरातल्या.

“म्हणजे रिपोर्ट मीच दिला,” म्हणाले.

“काका, उगाच काहीतरी बोलू नका. काढली त्यांनी.”

“कोण कुठे बसलंय ते मीच दाखवलं ना बोटाने. लुंगी, मांजर, ही. चेकरच्या रिपोर्टाशिवाय कोणाला उतरवता येत नाही.”

मी ओरडले, भांडले, कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यांनी ऐकून घेतलं. पण त्या दिवसानंतर काकांनी टीव्हीत काही पकडलं नाही. ओट्यावरची माणसं मुद्दाम चिडवायची, “काका, ते बघा, राणीच्या पायात रबरी चप्पल!” ते नुसती मान हलवायचे. म्हणायचे, “असू दे. जाऊ दे तिला.” मग माणसंही यायची थांबली.

शेवटची पोरं आली ती वापीची. त्यांना नवी प्रत माहीत होती. भूत गायब झालं, ही त्यांच्या दृष्टीने पहिल्यापेक्षा मोठी गंमत होती. त्यांतला एक ओट्याच्या पायरीवर मोबाइल धरून उभा राहिला आणि हसत विचारता झाला, “दादा, पेली बारीवाळी डोशी क्यां गई?” म्हणजे, आजोबा, ती खिडकीतली म्हातारी कुठे गेली?

काका त्यांच्याशी गुजरातीतच बोलले. “उतारी दीधी,” म्हणाले. “वच्चे रस्ते.”

उतरवली. मधल्या रस्त्यात.

पोरं हसली. म्हातारा मजेशीर आहे, म्हणाली. तेवढंही त्यांनी भरून घेतलं आणि गेली. काका आत येऊन खुर्चीत बसले. टीव्ही बंद होता. मी खोलीच्या दारातून बघत होते. ज्या माणसाने भर जंगलात एका शिवराळ दारुड्यासाठी गाडीचं दार अडवलं होतं, त्याच्या बायकोला उतरवताना दारात आडवं उभं राहायला कोणी नव्हतं. आणि ते ज्यांनी केलं त्यांना आपण कोणाला उतरवलं हे ठाऊकही नव्हतं, विचारावंसंही वाटलं नव्हतं.

होळीच्या आधी काका गेले. मुलगी नवसारीहून आली, दिवस केले, घराला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे ठेवून गेली. फोटो पुन्हा ओळखपत्रावरूनच मोठा केला. आता भिंतीवर दोघं शेजारी शेजारी आहेत आणि दोघंही पकडून आणल्यासारखी दिसतात.

युनिटं अजून येतात. मागच्या महिन्यात त्याच कंपनीचा नवा मॅनेजर येऊन गेला. त्याला तेच घर हवं होतं, दुसऱ्या भागासाठी. दर विचारत होता. मी म्हटलं, आधीचा हिशेब मिटलेला नाही. तो म्हणाला, आमच्याकडे तर सगळे पैसे दिल्याची नोंद आहे. पैशाचं कोण बोलतंय?

मी त्याला सांगितलं तेच इथे सांगते. त्या कागदावर सही करणाऱ्या मॅनेजरने यावं, किंवा एरर शोधणाऱ्या त्या पोराने, किंवा त्या दोघांच्या वर जो कोणी बसतो आणि ज्याला भेटायची वेळ कधीच मिळत नाही, त्याने यावं. किल्ली माझ्याकडे आहे, मी घर उघडून दाखवते. पाटा जिथल्या तिथे आहे. मडक्यावरचं झाकण आहे. दोरी आहे, लुंगीही घडी करून ठेवली आहे. पडवीची खिडकी आहे, मी मधून मधून उघडते म्हणून बिजागऱ्या गंजलेल्या नाहीत. तो स्टीलचा पेला फडताळात पालथा घातलेला आहे. तो धरून जी बाई उभी होती ती तुम्ही कुठे ठेवलीत? घर जसं होतं तसं परत करू, असं तुम्ही लिहून दिलं आहे. मी उभी आहे. उत्तर द्या.